डावं बेअरिंग

दर महिन्याला आईला दादाकडे पोचवताना नाहीतर परत आणताना माझ्या पिकअपचं डावं पुढचं बेअरिंग दळलं जातं. झिजत नाही, तुटत नाही, दळलं जातं. दस्तगीर मिस्त्री हबचं टोपण काढून खाली कागद धरतो आणि कागदावर पोलादाचं वस्त्रगाळ पीठ पडतं. रोलर नाहीत, कडी नाही, नुसतं पीठ. चिमटीत धरलं तर गार लागतं. दस्तगीर ते डब्यात भरून ठेवतो. त्याच्या गॅरेजमधली एक अख्खी फळी आता माझ्या पिठाची आहे.

माझा धंदा गाद्यांचा. बार्शीत दुकान आहे आणि पिकअपमधून मी गावोगाव गाद्या, उशा पोचवतो. कापसाचं वजन ते काय! सगळा महिना गाडी सुरळीत पळते. पण पहिल्या तारखेला आई शेजारच्या सीटवर बसली की कुर्डुवाडीच्या अलीकडे, बरोबर दस्तगीरच्या गॅरेजसमोर, डाव्या चाकातून जात्याची घरघर सुरू होते. पुढच्या महिन्यात तिला परत आणायला जावं तर येताना तीच घरघर. मला या गोष्टीचा भयंकर संताप येतो, आणि तो कुणावर काढायचा हे ठरलेलं नसल्यामुळे तो सगळ्यांवर निघतो.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, मुरलीधर. तो टेंभुर्णीला राहतो. वडील गेल्यावर चार लोकांनी बसून ठरवलं, आई एक महिना माझ्याकडे, एक महिना त्याच्याकडे. दादाकडे गाडी नाही, म्हणून न्यायचं मी आणि आणायचंही मीच. त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. उलट एकदा आईच्या चष्म्याचं घर आमच्याकडे राहिलं, तर वहिनीने दुसऱ्या दिवशी फोन केला.

"भावजी, तिचं अर्धं सामान तिकडंच ठिवायचं आन् महिना आमच्या नावावर धरायचा, व्हय? आणायचं तर पुरतं आणा."

तेव्हापासून नियम पडला. आई निघाली की तिचं जे जे आहे ते तिच्याबरोबर निघालं पाहिजे. मागे काही राहता कामा नये.

माझी बायको रत्नमाला हट्टाला पेटली की कुणाला ऐकत नाही. पुढच्या खेपेला तिने आईचे कपडे, औषधं, मिश्रीची डबी, सगळं एका जुन्या लुगड्यात बांधलं. त्याच्या पुढच्या खेपेला भिंतीवरचा तेलाचा डाग खरवडला. आई जिथे डोकं टेकून बसते तिथला. तो पुडीत बांधून दिला. मग आईच्या गादीला पडलेला खळगा कात्रीने कापून काढला आणि घडी घालून गाठोड्यात ठेवला. गादी मीच भरलेली होती. खळगा कापल्यावर ती सपाट झाली नाही, तिथे काहीच उरलं नाही, आणि त्या जागी हात घातला तर पलीकडे जात होता. मग उंबऱ्यावरचं सकाळचं ऊन कॅलेंडरच्या कागदात गुंडाळून गेलं. खोकला औषधाच्या रिकाम्या बाटलीत गेला. तिकडून परत पाठवताना वहिनी तिच्या घरातलं आईचं सगळं त्याच गाठोड्यात भरून देत असे. आणि महिनाभरासाठी ते सोडतो कोण? ते तसंच दाराआड पडून राही. गाठोडं मात्र डब्याच्या फडक्याएवढंच राहिलं. आई ते पायांपाशी ठेवून बसायची.

आई हल्ली बोलत नाही. आधी मला वाटलं, रुसली असेल. रुसायला हिला काय झालं? दोन दोन घरं आहेत, दोन दोन सुना आहेत. गप्प बसलेल्या माणसावर ओरडता येत नाही, आणि मला ओरडायचं असतं. म्हणून मी दस्तगीरवर ओरडतो.

दस्तगीरने बिचाऱ्याने काय करायचं बाकी ठेवलं नाही. पहिल्यांदा म्हणाला, बेअरिंगच डुप्लिकेट आहे. दुसरं टाकलं, त्याचं पीठ झालं. मग म्हणाला, नट जादा आवळला गेला असेल. बेताने आवळला, पीठ झालं. ऑइल सील बदललं, हब बदलला, शेवटी ज्या दांड्यावर चाक बसतं तो दांडाही बदलला. मग तो पान्याचं एक टोक हबला आणि दुसरं कानाला लावून बसला आणि मला चाक फिरवायला सांगितलं.

"काय ऐकू येतंय?" मी विचारलं.

"दळण."

"ते मलाही ऐकू येतंय! कारण सांग."

"हणमंतराव, आवाज चढवू नगा. तुमची गाडी सोडून हितं कुणाच्या गाडीचं पीठ होत न्हाई."

म्हणजे दोष माझाच. मी पान्यांचा ट्रे लाथेने उडवला. पाने गोळा करायला मलाच वाकावं लागलं, कारण दस्तगीर जागचा हलला नाही.

या महिन्यातही गाडी त्याच्या दारात येऊन घरघरली. दस्तगीर चिडलेलाच होता. त्याने जॅक लावला. जॅक वर यायच्या ऐवजी जमिनीत गेला. त्याने दुसरा लावला, तोही गेला, वर नुसती दांडी दिसत राहिली.

"वजन हाय," तो म्हणाला. "डाव्या अंगाला लई वजन हाय."

"डावीकडे आई बसलीय."

"तेच म्हन्तोय."

"शरम नाही वाटत? मूठभर हाडं राहिलीत तिची, आणि तू तिला वजन म्हणतोस?"

त्याने माझ्याकडे लक्ष दिलं नाही. दार उघडून तो आईला म्हणाला, "मावशी, जरा उतरा बगू." आई उतरली. गाडी हलली नाही. मग त्याने गाठोड्याला हात घातला, एका हाताने, मग दोन्ही हातांनी. ते तसूभर सरकलं नाही. त्याने चेन-पुली आणली, हुक गाठीत अडकवला आणि साखळी ओढली. छताचा लोखंडी बार वाकला. गाठोडं उचललं गेलं तशी पिकअपची डावी बाजू वीतभर वर आली आणि सगळी गाडी मोकळा श्वास घ्यावा तशी कुरकुरली.

गाठोडं फरशीवर टेकलं, फरशीला तडा गेला.

"सापडलं तुमचं कारन," दस्तगीर म्हणाला.

त्याने गाठ सोडली. पुडी उघडली, डागाचा वास सुटला, एरंडेलाचा. कॅलेंडरचा कागद उलगडला तसं गॅरेजच्या कोपऱ्यात सकाळचं ऊन पडलं. बाटली खोकली. खळग्याची घडी त्याने उलगडली नाही, कारण ती कशाची आहे ते त्याला कळेना, आणि मी सांगितलं नाही. मग त्याने मिश्रीची डबी उघडली.

"हणमा, जेवलास का रं?" डबीतून आईचा आवाज आला.

दस्तगीरने वळून आईकडे पाहिलं. आई टायरांच्या चळतीवर बसली होती. तिचं तोंड मिटलेलं होतं.

मला भयंकर राग आला. रत्नमालाने आवाजसुद्धा बांधून दिला होता आणि मला सांगितलंही नव्हतं! इतके महिने मी आईच्या गप्प बसण्यावर जळत होतो. मी तिथूनच रत्नमालाला फोन लावला.

"मग काय करू?" ती म्हणाली. "त्या तिकडं गेल्या तरी हाक घरात घुमत राहायची. तुमच्या वहिनीने ऐकली असती, तर? तुम्हीच म्हणाला होता, मागे काही ठेवू नको."

मी फोन बंद केला. दस्तगीरने नवं बेअरिंग बसवलं, ग्रीस भरलं, चाक चढवलं आणि बोटाने ढकललं. चाक फिरत राहिलं. आवाज नाही, काही नाही.

"हे हितंच राहू द्या," तो गाठोड्याकडे बोट करून म्हणाला. "हे घिऊन निघालात तर सोलापूर गाठायच्या आत पुन्ना माझ्याकडं येताल."

"सोलापूरला कोण चाललंय? टेंभुर्णीला चाललोय."

"कुठंबी जावा."

"राहू दे तर राहू दे," मी म्हणालो. "वहिनीला काय बोंबलायचं ते बोंबलू दे. परत येताना बघीन."

मी आईला उचलून सीटवर ठेवलं. रिकामी उशीची खोळ उचलावी तशी ती उचलली गेली. चला, एक कटकट मिटली, असं मला वाटलं. दस्तगीरने डबीचं झाकण लावलं नाही. मी स्टार्टर मारला तेव्हा डबी म्हणाली, "जपून जा, बाबा."

गाडी अशी पळाली की विचारू नका. घरघर नाही, धक्का नाही, स्टिअरिंग नुसतं उजवीकडे झुकत होतं. मी सगळा रस्ता बोलत होतो. म्हटलं, न्यायचं मी, आणायचं मी, डिझेल माझं, बेअरिंग माझं, आणि दादा ओसरीत बसून सुपारी कातरणार! म्हटलं, तू तरी एकदा बोलायचं होतंस चार लोकांत. म्हटलं, तुझ्या पायी माझी गाडी खिळखिळी झाली. मी चिडलेलो होतो, त्यामुळे डावीकडे पाहिलं नाही. समोर पाहत बोलत राहिलो. माझ्या मनात जे होतं ते पहिल्यांदा सगळं बोलून झालं आणि टेंभुर्णी आली.

दादा दारातच उभा होता. तो पुढे आला, त्याने डावं दार उघडलं आणि आत पाहत राहिला.

"उतरवून घे," मी म्हणालो. "तुझा महिना लागला."

"कुणाला उतरवू?"

"दादा, सकाळपासून माझं डोकं फिरलंय. आता आणखी फिरवू नको."

"अरे, पण कुणाला?"

मी डावीकडे पाहिलं. सीटवर कुणी नव्हतं. गाद्यांच्या धंद्यात जन्म गेला माझा, माणूस उठून गेलं तरी जागा दबलेली राहते, ती हळूहळू भरून येते, हे मला कळतं. सीट दबलेली नव्हती.

"हे बघ," मी म्हणालो, "मी तिला बार्शीतून काढलंय. बेअरिंग बदललंय. आता ती तुझ्याकडे आहे. मला काही सांगू नको."

"माझ्याकडं कुठंय?"

"आजपासून तुझ्याकडेच आहे!" मी ओरडलो. गल्लीतली माणसं बाहेर आली. दादाने माझी कॉलर धरली, मी त्याची धरली, आणि दोघंही एकच वाक्य बोलत राहिलो, तुझ्याकडं, तुझ्याकडं. तेवढ्यात वहिनी आली. तिने पदर खोचला, गाडीत वाकून सीटखाली पाहिलं, दाराच्या कप्प्यात पाहिलं, मॅट उचलून पाहिली.

"मागं काही ठिवलं न्हाई ना, भावजी?" ती म्हणाली.

माझ्या खिशात फोन वाजला. दस्तगीर होता.

"हणमंतराव, डबी सारखी इचारतीया, पोचलास का म्हनून. काय सांगू तिला?"

दादाने माझी कॉलर सोडली होती. तो पुढच्या चाकापाशी उभा राहून खाली पाहत होता. गाडी बंद होती. डावी बाजू वीतभर वर उचललेली होती, चाक जमिनीला टेकत नव्हतं, आणि ते फिरत होतं, कसलाही आवाज न करता.