मिटून धरलेली पानं

मित्रांनो, दोरीवर वाळत घातलेले कपडे उडून जाऊ नयेत म्हणून लावतात ना, तसला एक जुना लाकडी चिमटा मी आहे. दोन पट्ट्या आणि मध्ये तारेची एक स्प्रिंग, एवढाच माझा संसार. माझं डोकं लहान आहे, त्यामुळे घडलेलं सगळं मला समजलं असा माझा दावा नाही. सांगता सांगता काही उलगडलं तर बघू.

माझा जन्म कुठे झाला ते आठवत नाही. झाशीत दतिया गेटजवळच्या एका दुकानातून मधुसूदनरावांनी मला भावंडांसकट घरी आणलं आणि पत्नीच्या, सरलाबाईंच्या, स्वाधीन केलं. मग गच्चीवरची दोरी हेच माझं घर झालं. जेठातली लू, म्हणजे भर उन्हाळ्यातला भाजून काढणारा वारा, अंगावर घेऊन माझा रंग उडाला, पण पकड ढिली झाली नाही. एकदा अशी आंधी आली की शेजाऱ्यांच्या चादरी पार रस्त्यावर गेल्या. मी धरलेली साडी मात्र जागची हलली नाही. "मोठा इमानी आहे हो हा," सरलाबाई म्हणाल्या. त्या दिवशी मी दोरीवर जरा ताठच बसलो होतो. कौतुक कुणाला आवडत नाही?

पुढे रंगीत प्लास्टिकचे चिमटे आले आणि आम्हा लाकडी मंडळींची रवानगी स्वयंपाकघरात झाली. मी भाजणीच्या पुडीचं तोंड धरून फडताळात बसलो. कुणी ढुंकूनही बघत नसे. फार वाईट वाटायचं. तशात एका दुपारी सरलाबाईंनी मला घाईघाईनं उचललं, पदरानं पुसलं आणि एका कादंबरीच्या मधल्या पानांच्या गठ्ठ्याला लावून टाकलं. "घट्ट धर रे बाबा," त्या पुटपुटल्या. भाजणीतून थेट साहित्यात! माझं नशीब उघडलं असंच मला वाटलं.

इथल्या मराठी मंडळात एक जुना रिवाज आहे. वडीलधाऱ्यांचे डोळे थकलेले, आणि तरुणांना मराठी कळते पण आख्खं पुस्तक वाचायचा कंटाळा. म्हणून दर रविवारी संध्याकाळी एकानं कादंबरी मोठ्यानं वाचायची आणि बाकीच्यांनी ऐकायची. वाचणं सरलाबाईंकडे. त्यांचा आवाज असा की लोक आपण होऊन कूलर बंद करत.

ही कादंबरी आणली होती कश्मिरानं. ती सरलाबाईंच्या बहिणीची मुलगी. लहानपणी शाळेसाठी त्यांच्याकडेच राहिलेली, आता जवळच्या बरुआसागरला बँकेत नोकरी करते आणि रविवारी बसनं येते. पुस्तक हातात देताना ती म्हणाली होती, "मावशी, या वेळी ही वाच. पण सगळी वाच हं."

कादंबरीत वेणू नावाची पोरकी मुलगी होती. ती मामाकडे वाढते. मामा गावात मान असलेला माणूस. तो तिच्या हातावर बत्तासा ठेवतो, आणि ती तो फेकून देते. इथवर वाचून सरलाबाईंनी मी धरलेला सगळा गठ्ठा एकदम उलटला आणि पदरचं एक वाक्य घातलं, "पाहता पाहता वेणू मोठी झाली." त्यानंतर वेणू गावात परत येते आणि मामाची अब्रू पार धुळीला मिळवते. हळूहळू त्याच्या दारात कुणी पाऊल टाकेनासं होतं.

लोक भडकले. कारखान्यातून निवृत्त झालेले राजाभाऊ तर खुर्चीवरून उठलेच. "अरे, ये क्या बात हुई! ज्यानं सांभाळलं, बत्तासे खिलाये, त्यालाच उठवलं आयुष्यातून? कृतघ्न कार्टी!"

कॉलेजात जाणारी शाल्मली हळूच म्हणाली, "पण काकाजी, ती बत्तासा का फेंकते? मला ते समजलंच नाही."

"माज, बेटा, माज!" राजाभाऊ म्हणाले आणि सगळे हसले. कुणी म्हणालं, लेखकालाच लिहिता येत नाही. मलाही वेणूचा राग आला आणि मी दात आणखी आवळले. एकटी कश्मिरा हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती. इतक्या माणसांत कुणी माझ्याकडे का बघावं, ते मला कळेना.

चहाला मंडळी व्हरांड्यात गेली, तेव्हा ती टेबलाशी आली. "मावशी, तो चिमटा काढ."

"मुलीला मारल्याचं काय वाचायचं चारचौघांत? लोक विरंगुळ्याला येतात."

"ते मला कृतघ्न म्हणतात."

"तुला कुठे? वेणूला म्हणतात."

कश्मिरा तशीच चहाला निघून गेली. मी मात्र बुचकळ्यात पडलो. वेणू पुस्तकातली, कश्मिरा बँकेतली. दोघींची गाठ पडली कुठे?

शेवटच्या रविवारी कादंबरी संपली. राजाभाऊंनी निकाल दिला, "अशा मुलीला घरात घेतलं हीच मामाची चूक." तशी कश्मिरा उठली. "काका, थांबा जरा." तिनं सरलाबाईंच्या हातून पुस्तक घेतलं आणि मला ओढलं. मी सोडेना. तिनं हिसका दिला, तेव्हा एका पानाचा कोपरा माझ्याबरोबर आला.

मग ती वाचू लागली. मामा वेणूला पट्ट्यानं मारतो. कोठीत कोंडतो. दार उघडल्यावर हातावर बत्तासा ठेवतो आणि म्हणतो, कुणाला सांगायचं नाही. इतके दिवस जे तोंडात धरून बसलो होतो, ते मी पहिल्यांदाच ऐकत होतो. कश्मिराचं वाचन अडखळत होतं, पण थांबत नव्हतं. "स्वयंपाकघरात मामी सगळं ऐकत होती," एवढं म्हणून मात्र ती थांबली. पुढचं वाक्य तिला वाचवेना.

सरलाबाईंनी पुस्तक घेतलं. मला वाटलं, आता त्या ते मिटणार आणि मला हाक मारणार. "मामीनं तव्यावरची पोळी उलटली," त्यांनी वाचलं, आणि मग सगळी पानं वाचली. कूलर चालू होता की बंद, मला सांगता येणार नाही.

"भाभीजी, हे आधी का नाही वाचलंत?" राजाभाऊ म्हणाले. "मी काय काय बोललो तिला!" कुणी म्हणालं, तरी सूड घेणं वाईटच. शाल्मली म्हणाली, "मला वेणू अजून आवडत नाही, लेकिन मैं उसके साथ हूँ." कुणाचं कुणाशी जमेना. वेणू चांगली की वाईट, हे मलाही आजतागायत ठरवता आलेलं नाही.

सगळे गेल्यावर टेबलाशी दोघीच उरल्या.

"अनंतराव भाऊजी तुला मारायचे," सरलाबाई म्हणाल्या. अनंतराव म्हणजे मधुसूदनरावांचे थोरले भाऊ, याच घरात राहणारे, मी घरात येण्यापूर्वीच वारलेले. "तू येऊन मला सांगितलं होतंस."

"आणि तू म्हणालीस, खोटं बोलू नये."

"खरं होतं ते. मला तेव्हाही ठाऊक होतं."

कश्मिरा खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "मला वाटायचं, तुला खरंच वाटलं नाही. तेवढ्यावरच तर मी तुला माफ केलं होतं, मावशी. नंतर मी कुणाला सांगितलंसुद्धा नाही."

तिनं पिशवी उचलली. सरलाबाई तिच्यामागे अनवाणीच फाटकापर्यंत गेल्या. तिथे काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. पुढच्या रविवारी कश्मिरा आली नाही. त्याच्या पुढच्या रविवारी आली आणि मागच्या रांगेत बसली. हे बरं झालं की वाईट, कोण जाणे.

मी आता त्याच टेबलाच्या खणात पडून असतो. मित्रांनो, मी तुम्हाला काय शिकवणार? पण एक मागतो. तुमच्याशी कुणी वाईट वागलं तर सांगा. ज्याला सांगाल त्यानं गप केलं, तर दुसऱ्याला सांगा. त्यानंही गप केलं, तर तिसऱ्याला. कश्मिरानं एकदाच सांगितलं होतं, आणि जिला सांगितलं, तिला ते खरं वाटलं होतं, तरीही तिनं गप केलं.