कुलूप लागलं का?

ड्रेस्डेनच्या त्या ऑफिसात हेनिंगएवढा काटेकोर माणूस दुसरा नव्हता, असं निदान हेनिंगचं मत होतं. कर्नेलसाठी, म्हणजे संगणकप्रणालीच्या गाभ्यासाठी लिहिलेला त्याचा पॅच, कोडमधली छोटी भर, सात वेळा परत आला होता. आठवा आज संध्याकाळपर्यंत मंजूर झाला नाही, तर पुढची आवृत्ती येईपर्यंत अडीच महिने बसा बोंबलत. आणि मंजुरी समोरच्या टेबलावरच्या वीबकेच्या हातात.

मोठ्या संगणकाच्या पोटात चालणाऱ्या आभासी यंत्राची मेमरी कुलूपबंद. नेटवर्क कार्डालासुद्धा ती वाचता येत नाही. म्हणून कार्डापुरती मेमरीची काही पानं उघडायची, काम झालं की पुन्हा कुलूप लावून सामायिक साठ्यात परत टाकायची. एवढंच तर होतं.

"आणि कुलूप लागलंच नाही तर?" वीबकेनं विचारलं.

"लागतं गं. मी सिस्टिमला सांगतो ना, लाव म्हणून."

"सांगतोस. उत्तर काय येतं ते ऐकतोस का?"

"खुसपटं काढायचा पगार देतात का तुला?"

"हो. आणि बऱ्यापैकी देतात."

हेनिंग तणतणत कॉफी आणायला उठला. उठताना स्क्रीन बंद करायची दोन बटणं त्यानं न बघताच दाबली. या ऑफिसात स्क्रीन उघडी टाकून कोणी उठलं, की शेजारी त्याच्याच नावानं सगळ्यांना केकचं आमंत्रण धाडत, आणि केक आणावाच लागे. हेनिंगनं इतरांचे नऊ केक हादडले होते. स्वतः एकही आणला नव्हता, आणि हे तो येताजाता ऐकवत असे.

परतला तर सगळे खुसुखुसु हसत होते. त्याच्या नावानं मेल गेला होता: सोमवारी माझ्याकडून आयरशेके केक, दोन ट्रे.

"साफ खोटं! मी बंद केली होती!"

"बटणं दाबलीस, पाहिलं आम्ही," वीबके म्हणाली. "बंद झाली का, हे तू पाहिलंस?"

हेनिंगनं कीबोर्ड उलटा करून आपटला. बटण अडवून बसलेला मागच्या केकचा वाळका तुकडा खाली पडला. त्याला मनापासून लाज वाटली.

खाली बसून त्यानं पॅचमध्ये चार ओळी लिहिल्या. कुलूप लागलं नाही, तर ते पान साठ्यात परत द्यायचंच नाही. वाया गेलं तरी चालेल. उघडं पान साठ्यातून पुढच्या कामाला मिळालं, तर त्यावर ठेवलेलं गुपित चव्हाट्यावर येईल.

मग पॅचच्या तळाशी, सात वेळा त्यानं जी मोकळी सोडली होती, ती श्रेयाची ओळ भरली: चूक दाखवली, वीबके.

वीबकेनं ती ओळ दोनदा वाचली. चष्मा पुसला.

"दोन ट्रे पुरायचे नाहीत," एवढंच म्हणाली, आणि मंजुरी पाठवली.