काडाच्या गठ्ठ्यातलं लोखंड

मी रुळाचा तुकडा बोलतोय. पूर्ण नाही, जमिनीत उरलेला अर्धा. नेब्रास्कातल्या व्हेसेली गावाबाहेर खडीचा रस्ता जिथे वळतो, तिथे गवतातून वीतभर वर आलेलं पांढरं लोखंड दिसेल, तोच मी. जवळ आलात तर पाय जपून टाका, माझी कापलेली कड अजून बोथट झालेली नाही.

लोखंडाला गोड बोलता येत नाही, तेव्हा राग मानू नका. भट्टीत भाजून निघालो, यंत्रात लाटला गेलो आणि मला अंथरताना एका मजुराची बोटं माझ्याखाली चेचली. रक्ताशी माझी ओळख पहिल्या दिवसापासूनची आहे.

पण त्यानंतरचं आयुष्य मी सज्जनासारखं काढलं. एका टोकाला ओमाहा शहर, दुसऱ्या टोकाला व्हेसेली, आणि मध्ये मी आणि माझी भावंडं. गावाचा गहू आणि डुकरं शहरात जायची. शहरातून औषधं, नांगराचे फाळ, कधीमधी एखादी नवी नवरी गावात यायची. चाकाखालून जाताना दोन्हीकडची माणसं सारखीच जड लागत. मग ट्रक आले, आगगाडी बंद पडली आणि आम्ही भंगारात निघालो. लुमिर कोव्हारिक नावाच्या शेतकऱ्यानं त्या ढिगातून माझा पुरुषभर तुकडा उचलून नेला.

त्याला मी टपालपेटीसाठी हवा होतो. इकडे टपालपेटी रस्त्याकडेला खांबावर असते, आणि धावत्या पिकअपमधून बॅट मारून ती उडवायची हा इथल्या पोरांचा पिढीजात खेळ. लुमिरची पेटी दर उन्हाळ्यात चपटी व्हायची. त्यानं मला गाडलं, माझ्यावर पेटी बसवली आणि मला वरून खालपर्यंत पांढरा रंग दिला.

शेजारचा गेलेन तेव्हा तरुण होता. तो म्हणाला, "काका, रंग कशाला फासताय? आपटू दे की. एकाचं मनगट मोडलं की बाकीचे सुतासारखे सरळ येतील."

"लोखंड उभं करायचं तर दिसेल असं करावं," लुमिर म्हणाला. "लपवलेलं लोखंड कुणाला लागेल याचा नेम नसतो."

त्याला दोन मुलं, थोरला व्हर्लिन आणि धाकटी रेनाटा. तिला सगळे रेनी म्हणत. इकडे पोरांना मिसरूड फुटायच्या आत गाडी शिकवतात. लुमिर माझ्याच शेजारी उभा राहून ओरडायचा, "खडीवर गाडी सुटली तर ब्रेक दाबू नका. चरात तर जाऊच नका, उलटाल. काडाचा गठ्ठा दिसला की सरळ त्यात घाला. काड माफ करतं." रेनी एकदा खरोखरच गव्हाच्या काडाच्या गोल गठ्ठ्यात घुसली आणि केसांत काड घेऊन हसत बाहेर आली. लुमिरही तिला रागावला नाही.

लुमिर गेला. त्याची बायको आधीच गेली होती. व्हर्लिननं लग्न केलं नाही, तो शेतावर एकटा राहिला. रेनी ओमाहाला शिक्षिका झाली. सुरुवातीला दर महिन्याला यायची. मग निवडणुका यायला लागल्या आणि तिचं येणं विरळ झालं. आमच्याकडची गावं लाल पक्षाची, ओमाहा निळ्या पक्षाचं. त्यात आमच्या राज्याला राष्ट्राध्यक्ष निवडायला पाच मतं आहेत, त्यातलं ओमाहाकडचं एक वेगळं मोजतात, आणि गावांच्या डोळ्यांत ते कुसळासारखं सलतं. त्या एका मतावरून ओमाहाची माणसं निळा ठिपका मिरवू लागली.

एका उन्हाळ्यात रेनीची गाडी माझ्यापाशी थांबली. मागच्या काचेवर तो ठिपका होता. व्हर्लिन ट्रॅक्टर दुरुस्त करता करता हातात पाना घेऊनच आला.

"ही कसली टिकली लावून फिरतेस?"

"ओमाहाची आहे, दादा. तुझ्या मक्याला नाही कीड लागणार तिनं."

"खरवड ती. माझ्या दारात नाही चालायची."

"दार बाबांचं आहे."

"बाबांचं नाव तू काढू नकोस. सगळं राज्य एकीकडे आणि तुमचं शहर एकीकडे. ते एक मत आम्ही काढून घेणार आहोत, बघशील तू."

"घ्या ना. जमीन मोजून मतं द्यायची असतील तर तुझ्या गाईंनाही दे एकेक. त्या तरी विचार करून देतील."

व्हर्लिननं पाना उचलला आणि मागची काच फोडली. एकदा मारून त्याचं भागलं नाही. काच खाली येईपर्यंत तो मारत राहिला. एक तुकडा उडून रेनीच्या कानामागे शिरला. तिनं तो उपटून काढला, रक्तानं भरलेला हात माझ्या पांढऱ्या अंगाला पुसला आणि म्हणाली, "बाबा असते तर आज तुझा हात मोडला असता." ती गेल्यावर तो गुडघ्यावर बसून काचा वेचत राहिला. तोंडानं मात्र शिव्याच देत होता.

ऑक्टोबरात त्यानं वळणावर आपल्या उमेदवाराची मोठी लाल पाटी लावली. शनिवारी फुटबॉलचा सामना पाहून, भरपूर बिअर ढोसून गेलेन घरी निघाला होता. त्याची पिकअप वळणावर भरकटली आणि पाटीवरून गेली. तो खाली उतरला, बघितलं, "च्यायला, आपलीच की," म्हणाला आणि पसार झाला. दुसऱ्या दिवशी तोच गेलेन व्हर्लिनच्या खांद्यावर हात ठेवून सांगत होता, "रविवारी भोपळे घ्यायला येतात ना ओमाहावाले, त्यांचीच करणी." हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं, पण लोखंडाची साक्ष कोण काढतो?

व्हर्लिननं नवी पाटी लावली. ती मात्र खरोखरच शहरातल्या एका चकचकीत गाडीनं चिरडली. आतली पोरंपोरी उतरून तिच्यावर नाचली. म्हणजे दोन्हीकडच्यांनी आपापला वाटा उचलला होता.

तिसऱ्यांदा व्हर्लिननं पाटी लावली नाही. मला टपालपेटीखालून उपटलं आणि वळणावर खोल खड्डा करून काँक्रीटमध्ये उभं केलं. वरून ट्रॅक्टरनं काडाचा एक गोल गठ्ठा असा दाबून बसवला, की मी पुरता आत गेलो. गठ्ठ्यावर त्यानं लाल रंगात उमेदवाराचं नाव रंगवलं. निवडणुकीत इकडे गठ्ठे रंगवतातच, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नव्हतं.

"आता या म्हणावं," तो गठ्ठ्यावर थाप मारत म्हणाला.

आतल्या अंधारात माझ्या अंगावर लुमिरचा पांढरा रंग होता आणि त्यावर रेनीच्या रक्ताचा वाळलेला डाग. मी मनातल्या मनात आकांत केला.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला चेक देशातून आलेल्या आमच्याकडच्या घरांत मृतात्म्यांचा दिवस पाळतात. त्या दिवशी माणसं आईबापांच्या कबरीवर शेवंती आणि मेणबत्त्या नेतात. मतदान तोंडावर होतं, तरी रेनी आली. शेजारच्या सीटवर शेवंतीची फुलं होती आणि खसखशीच्या कोलाचचा, म्हणजे चेक गोड पावांचा, डबा होता. खसखशीचे कोलाच आईला नाही, व्हर्लिनला आवडायचे. म्हणजे ती भावाला घेऊन कबरीवर जाणार होती. मागची काच नवी होती, आणि तिच्यावर ठिपका नव्हता.

दुपारची वेळ. कापणी न झालेल्या मक्यातून हरणांचा कळप रस्त्यावर आला. रेनीनं गाडी वळवली, चाकं खडीवर सुटली. एका बाजूला चर, दुसऱ्या बाजूला गठ्ठा. विचार करायला वेळच नव्हता, पण तिला विचार करायची गरजही नव्हती. बापानं शिकवलं होतं तेच तिनं केलं. ब्रेकवरचा पाय काढला आणि गाडी सरळ माझ्यावर घातली.

काड फाटलं. मग पत्रा, मग इंजिन. मी हललो नाही. हलायला हवं होतं, पण व्हर्लिननं काम चोख केलं होतं. इंजिन रेनीच्या मांडीवर येऊन बसलं आणि स्टिअरिंगचा दांडा तिच्या छातीत घुसला. डब्याचं झाकण उडून कोलाच काडात विखुरले.

आवाज ऐकून व्हर्लिन धावत आला, हातात बंदूक घेऊन. पाटी पाडणारा सापडला म्हणून त्याचा चेहरा उजळला होता. मग त्याला शेवंती दिसली. बंदूक टाकून तो नखांनी काड उपसू लागला, पत्रा ओढू लागला. त्याच्या हातांची सालटी निघाली. काड बाजूला झाल्यावर मी उघडा पडलो. पांढरा, रक्तानं माखलेला.

रेनी शुद्धीवर होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मला ओळखलं.

"दादा, हा तर आपल्या पेटीचा खांब."

"बोलू नकोस, रेनी. बोलू नकोस."

"गठ्ठ्यात लोखंड कोण ठेवतं रे?"

जवळचं इस्पितळ केव्हाच बंद झालं होतं, म्हणून ओमाहाहून हेलिकॉप्टर आलं. ती ओमाहाला पोचली, पण जिवंत नाही. पोलिसांनी अपघात म्हणून नोंदवलं, हरणं आडवी आली एवढंच; लोखंडाचं नावही कुणी काढलं नाही. व्हर्लिन तोंड उघडून काही सांगायला गेला तर एका पोलिसानं त्याची पाठ थोपटली आणि म्हणाला, "जाऊ दे, तुझा काय दोष."

मतदान झालं. कोण जिंकलं ते मला ठाऊक नाही. व्हर्लिन मत द्यायला गेला नाही, एवढं ठाऊक आहे. त्यानं ट्रॅक्टरला साखळी लावून मला उपटायचा प्रयत्न केला. साखळी तुटली, मी निघालो नाही. शेवटी गॅस कटर आणून त्यानं मला कापलं. तेवढ्यात गेलेन आला. कापलेला तुकडा त्यानं पायानं चाचपला.

"वाईट झालं रेनीचं," तो म्हणाला. "पण युक्ती नामी होती हो तुझी. हा टाकून देणार असशील तर मला दे. पुढच्या वेळी माझ्या गठ्ठ्यात घालतो."

व्हर्लिननं कटर खाली ठेवला आणि त्याच्या तोंडावर ठोसा मारला. गेलेन पडला तरी तो थांबला नाही. छातीवर बसून मारत राहिला. दात तुटला, नाकाचं हाड वाजलं. गेलेन रक्त थुंकत ओरडला, "मारू नको रे! पहिली पाटी माझ्याच गाडीखाली गेली होती. प्यालो होतो मी. चुकून गेली."

व्हर्लिनची मूठ हवेतच राहिली. मग तो गेलेनच्या अंगावरून उतरला आणि माझ्या शेजारी मातीत बसला.

दरवर्षी मृतात्म्यांच्या दिवशी व्हर्लिन आधी कबरीवर जातो, मग ब्रश घेऊन इथे येतो आणि मला पांढरा रंग देतो. माझा कापलेला तुकडा त्यानं कुणाला दिला नाही, घरात पलंगाखाली ठेवलाय म्हणतात.

यंदा पुन्हा निवडणूक आहे. समोरच्या बांधावर नवे गठ्ठे आलेत, रंगवलेले. शहराच्या वाटेवर निळ्या अक्षरांचेही आहेत असं ऐकतो. त्यांच्या आत काय आहे ते मला इथून दिसत नाही. माझी एवढीच विनवणी आहे, की पाट्या हव्या तेवढ्या लावा, एकमेकांना पोटभर शिव्या द्या, पण गठ्ठ्यात काडच राहू द्या.

कारण सकाळीच एक बाप आपल्या मुलीला गाडी शिकवत इथून गेला. काच खाली होती, म्हणून ऐकू आलं. "घाबरू नकोस," तो तिला सांगत होता, "सुटलीच गाडी, तर सरळ गठ्ठ्यात घाल."