पायातच मारतो

"बाबा, शेवटच्या राउंडला मी पडले तर काय करू?" पूर्वीने जिन्यात हळूच विचारलं.

"उठताना खाली बसूनच ब्लॉक कर," हितेंद्र म्हणाला. "मी पायातच मारतो, माहितेय ना तुला."

लालबागच्या त्यांच्या मंडळाने माघी गणपतीत व्हिडिओ गेमची स्पर्धा ठेवली होती आणि फायनलला नेमके बापलेकच समोरासमोर आले होते. जिंकणारा मंडळातर्फे दादरच्या स्पर्धेला जाणार होता. पूर्वीला तिथे जायचंच होतं. मारामारीचा हा खेळ तिला हितेंद्रनेच शिकवला होता. पायावर येणारी लाथ बसून अडवायची, उडी मारून डोक्यावर येणारा फटका उभं राहून. दोन्ही एकदम अडवता येत नाहीत. म्हणून यातलं काय येतंय हे समोरच्याला कळूच द्यायचं नाही, त्याला मिक्सअप म्हणतात.

हितेंद्र कॉटन ग्रीनच्या एका गोदामात गेटपास लिहायचा. तिथे त्याला कोणी नावाने हाकही मारत नसे. शाळेत असताना मात्र परळच्या गेम पार्लरमध्ये पोरं त्याच्या मशीनमागे गर्दी करायची. त्यातलीच काही टाळकी, आता पोटं सुटलेली, आज हॉलमध्ये पुढच्या सतरंजीवर बसली होती.

दोघांनी एकेक राउंड घेतला. तिसऱ्यात पूर्वीने त्याला कोपऱ्यात कोंडलं. पोरगी खरंच सुरेख खेळत होती. ते पाहून आनंद व्हायचा सोडून त्याला घाम फुटला.

"काय रे हित्या, पोरीकडून मार खातोस?" मंडळाचा गौतम ओरडला. सगळा हॉल हसला.

हितेंद्रने कसंबसं तिच्या खेळाडूला पाडलं. उठताना तिचा खेळाडू खाली बसूनच, ब्लॉक धरून राहिला. अगदी जिन्यात सांगितलं होतं तसा. हितेंद्रच्या कानात अजून हसणं घुमत होतं. त्याने उडी मारली आणि डोक्यावर फटका हाणला.

पाठीवर थापा पडल्या, कुणीतरी हातात विजेत्याचा कप दिला. कुठे तोंड लपवू असं त्याला झालं.

"पूर्वे, खाली का बसलीस गं?" गौतमने विचारलं.

"मिक्सअप होता, काका. अंदाज चुकला माझा," ती म्हणाली. बापाकडे तिने पाहिलं नाही.

चारचौघांत तिने खरं सांगून टाकलं असतं तर बरं झालं असतं. तिने त्याला सांभाळून घेतलं, ते त्याच्या जास्त जिव्हारी लागलं.

"दादरला हिलाच पाठव रे. मला सुट्टी नाय मिळायची," तो गौतमला म्हणाला.

"जो जिंकतो तो जातो, बाबा," पूर्वी म्हणाली आणि चपला शोधायला लागली.

रविवारी दुपारी त्याने आपणहून कंट्रोलर तिच्या हातात दिला. ती नाही म्हणाली नाही. माफी मागायची म्हणून तो सकाळपासून मनात शब्द जुळवत होता. खेळता खेळता बोलणं सोपं जाईल असं त्याला वाटलं होतं, पण तोंडच उघडेना. तेवढ्यात तिचा खेळाडू पडला.

"पूर्वी, पायात मारतोय बघ," तो म्हणाला. "खरंच."

आणि त्याने खरंच पायात मारलं.

तिचा खेळाडू उभा होता, दोन्ही हात डोक्यापुढे धरून.