कुडव्याचं लाल फडकं

गोंदियाजवळच्या कुडवा गावात, महाराजांच्या मंडपात सकाळपासून आयांची झुंबड उडाली होती. श्वासमहाराज म्हणे तान्ह्या बाळाचा पुढचा दमा आजच सांगतात. छातीवर पिवळं फडकं ठेवायचं, गडव्यातलं मंतरलेलं पाणी शिंपडायचं. फडकं लाल झालं की दमा ठरलेला.

रेणूचा पाय एका जागी ठरत नव्हता. कडेवरची चिमी सर्दीनं घरघरत होती. महाराजांचा माणूस दुलीचंद रांगेत आपुलकीनं विचारत फिरत होता, "घरात कोणाले दमा आहे का? अंगावर खाजरे चट्टे उठतात? सर्दीत छाती वाजते?"

"हिच्या बापाले आहे. हिच्या अंगावर चट्टेबी उठतात," सासू रुख्मिणीनं सगळं सांगून टाकलं.

पाळी आली. दुलीचंदनं गडवा पुढं केला, शिंतोडे पडले आणि फडकं लालभडक झालं.

"छातीत काळा वारा घुसला, बेटी," महाराज डोळे मिटून बोलले. "दवा बंद. माझा धूप दे. धूप अंदर, वारा बाहेर."

रुख्मिणीनं संध्याकाळीच धूप घातला. वारा कुठला जातो! चिमीच्या बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, ती दूधही धरेना. रेणूनं तिला उचललं आणि नवऱ्याच्या मागे गाडीवर बसून गोंदियाचा दवाखाना गाठला. वाफेतून औषध दिलं, तेव्हा कुठं पोरीचा श्वास सुधारला.

"हिले पुढं दमा होईल का?" तिनं विचारलं.

"एवढ्या लहान बाळाचं नक्की कोणीच सांगू शकत नाही," डॉक्टर प्रेमिलाबाई म्हणाल्या. "आईबापाला दमा, अंगावर चट्टे, सर्दीत वारंवार घरघर असली की शक्यता वाढते, एवढंच. बरीच पोरं पुढं बरी होतात. लक्ष ठेवा, धूर टाळा."

रेणू चमकली. हेच तर दुलीचंदनं विचारलं होतं. मग तो लाल रंग?

दुसऱ्या दिवशी झबलं धुताना साबण लागला आणि हळदीचा डाग लाल झाला. तिनं सासऱ्याच्या डबीतला तंबाखूचा चुना पाण्यात कालवून हळदीच्या चिंधीवर टाकला. तोच रंग. चिमीला नवऱ्याकडे देऊन ती तडक मंडपात गेली.

दुलीचंदपुढं दोन गडवे होते. त्यातला त्याच्या हातचा, नुकतंच एका बाळाचं फडकं लाल केलेला गडवा तिनं हिसकावला, महाराजांचं दुसरं पिवळं फडकं पायरीच्या दगडावर पसरलं आणि पाणी ओतलं. फडकं लाल झालं.

"या दगडालेबी दमा होईल का, महाराज?"

"देवाशी मस्करी करून राहिली, पोरी?"

रेणूनं गडवा उलटा केला. तळाशी चुना बसला होता. "रांगेतच विचारून घेता. ज्याच्या घरी दमा, त्याच्यासाठी हा. बाकीच्याईसाठी साधं पाणी." दुलीचंद चपला शोधू लागला.

मागून आलेल्या रुख्मिणीनं हळूच विचारलं, "मंग आपल्या चिमीले होईल का नाही?"

"माहीत नाही, आई. डॉक्टरबाईलेबी माहीत नाही, आन् त्याईनं तसं सांगितलं." रेणू बायांकडे वळली. "लेकराची छाती ओढत असली तं दवाखान्यात न्या. आन् जो पक्कं सांगते, त्याले पहिले विचारा, तुले कसं कळलं?"