शत्रूची लाकडी पाणबुडी

मी एक जुनी लाकडी पाणबुडी आहे, बोटभर लांबीची. मित्रांनो, पाण्यात मी कधीच उतरले नाही. दुसऱ्या महायुद्धात लिव्हरपूलमधल्या एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर जमिनीवर खडूने अटलांटिक महासागर आखलेला असे, तोच माझा समुद्र. सुताराने मला उरल्यासुरल्या फळीतून कोरले आणि नशिबी आली शत्रूची बाजू!

मला नोरा पिलिंग चालवायची. नौदलातली विशीची पोर, जिभेने तिखट. मालवाहू जहाजांच्या ताफ्याचे रक्षण करायला निघणारे कप्तान आधी आमच्याकडे लुटुपुटीची लढाई खेळून सराव करत. पडद्याच्या फटीतून त्यांना खऱ्या जहाजावरून दिसेल तेवढेच दिसे.

त्या दुपारी कप्तान हॉल्सल आले. दुसऱ्या दिवशी त्यांचा ताफा निघणार होता आणि त्यातल्या तेलवाहू जहाजावर नोराचा भाऊ विल्फ होता. डाव सुरू झाला आणि नोराने माझ्याकरवी ताफ्यातले एक जहाज बुडवले. हॉल्सलांनी रिवाजाप्रमाणे आपल्या लढाऊ नौका ताफ्याबाहेर, लांबवर पिटाळल्या. शत्रू बाहेरूनच मारा करतो, अशी साऱ्या आरमाराची पक्की समजूत! मी तर ताफ्याच्या पोटात शिरले होते. आणखी दोन जहाजे गेली.

"ही लबाडी आहे, पोरी!" हॉल्सल पडद्यामागून गरजले. "मधे घुसायला शत्रूला वेड लागलंय?"

"वेड कसलं, साहेब? चोर घरात अन् तुम्ही शोधताय गावाबाहेर!"

"उभा जन्म समुद्रावर गेलाय माझा."

"आणि माझा भाऊ उद्या तुमच्याच भरवशावर निघालाय." नोरा म्हणाली. "तो टॉर्पेडो मारून खाली बुडी घेतो, ताफा वरून पुढे जातो. मागे वळून शोधा ना. एकदा तरी!"

मला वाटले, म्हातारा आता निघून जाणार.

"मांडा परत," ते पुटपुटले.

या खेपेला त्यांच्या नौका मागे वळल्या आणि मी सापडले. हरल्याचा एवढा आनंद मला कधीच झाला नव्हता.

ताफा परतेपर्यंत नोरा रोज धक्क्यावर चौकशी करून येई. मग एके दिवशी हॉल्सल स्वतः जिना चढून आले. "विल्फ खाली धक्क्यावर चहा ढोसतोय. तू म्हणालीस तिथेच सापडली पाणबुडी. बुडवली."

नोरा हसता हसता रडली. मग तिने मला उचलले.

"साहेब, आत किती जण असतात हो?"

हॉल्सलांनी टोपी काढली. "असतील चाळीसेक. विल्फच्याच वयाची पोरं."

तिने माझ्यावरचा खडू लहान मुलाचे तोंड पुसावे तशा मायेने पुसला. पुढे युद्ध संपले, खोली रिकामी झाली आणि मी एका खोक्यात विसरली गेले. त्याचे मला दुःख नाही. मित्रांनो, खेळात शत्रूची सोंगटी हाती आली तर तीही जपा. खेळ संपल्यावर ती उचलून ठेवता येते. खऱ्या समुद्रातून त्या चाळीस जणांना कोणी उचलले नाही.