सात नंबरचा डबा

गुरुराजला संशय जन्मजात. इडली डोळ्यांसमोर वाफेतून निघाली तरी हा ती मोडून आत बघणार. असा माणूस अंबत्तूरच्या एका खासगी प्रयोगशाळेत फळं तपासायला होता, आणि २००६च्या त्या उन्हाळ्यात तिथं गावठी टोमॅटोंची तपासणी चालली होती. गोडी किती, आंबटपणा किती, क जीवनसत्त्व किती, साल किती दाबाला फुटते. ज्या वाणाचे आकडे चांगले येतील त्याचं बी याच फळांतून काढून जपायचं ठरलं होतं.

सात नंबरचा डबा त्याच्या आत्याचा, राजसबाईंचा. त्यांच्या मांबलमच्या गच्चीवर तंजावरहून आलेला टोमॅटो तीस वर्षं स्वतःच्या बियांवर चालला होता. यंदा गच्चीची दुरुस्ती निघाली, झाडं उपटली गेली. लावायला जागाच नाही म्हणून आत्यानं बीही धरलं नाही. शेवटच्या तोडीची मूठभर फळं तेवढी उरली होती. वाण टिकायचं तर या डब्यातूनच, आणि हे आत्याला सांगायला नको? पण सांगितलं तर ती गल्लीभर करेल, कुणी भलताच आपल्या नावानं तेच वाण पुढं करेल, असं गुरुराजच्या मनानं घेतलं. त्यानं ताकास तूर लागू दिली नाही. "ऑफिसात चार लोकांना बघायचे आहेत, दे," एवढंच तो त्या दिवशी पहाटे फोनवर बोलला. सकाळी जाऊन आत्यानं बांधून ठेवलेला डबा न उघडताच उचलला आणि तिच्यासमोरच वर आपल्या सहीचं सील चिकटवलं.

प्रयोगशाळेत सील फोडलं आणि मनात पाल चुकचुकली. पाचही फळं गोल, गुळगुळीत, एका मापाची. दाब वाढवत नेला तरी साल फुटेना. गोडी कमी, आंबटपणा नावाला, क जीवनसत्त्व सगळ्या डब्यांत तळाला. आत्याचा टोमॅटो असा? तो तर चपटा, वळ्यावळ्यांचा, बोट लावलं की फुटणारा आणि आंबट असा की डोळा मिटावा.

गिरिधरनं बदलला, दुसरं काय. गिरिधर शेजारच्या टेबलावर एका बियाणे कंपनीचे नमुने तपासायचा, म्हणजे त्याला कारणही होतं. गुरुराजनं त्याची कचऱ्याची बादली उपसली, फ्रिज धुंडाळला, शेवटी त्याचा जेवणाचा डबा उघडला.

"गुरु, सील कुणी फोडलं?" गिरिधरनं शांतपणे विचारलं.

"मी."

"आधी फाटलेलं होतं?"

"नाही."

"मग माझ्या डब्यात काय शोधतोस? लिंबूभात आहे, हवा तर खा."

गुरुराज ओशाळला. पण संशय ओशाळत नाही, तो आत्याकडे वळला. तिनं आपली फळं दुसऱ्याच कुणाला दिली असतील तर? दुपारच्या बसनं त्यानं मांबलम गाठलं.

"आधी जेव," म्हणत राजसबाईंनी भातावर सार ओतलं. पहिल्याच घासाला त्याचा डोळा मिटला. काय ती चव. विचारायचं होतं ते विसरून त्यानं वाटी तोंडाला लावली, पुन्हा मागितली, तीही संपवली. मग म्हणाला, "आत्या, डब्यातली फळं कुठली?"

राजसबाई जरा घुटमळल्या. "तुज सांगायला काय, कण्णा. आपलीं ती फुटलेलीं, डागाळलेलीं. चार लोक बघणार म्हणालास. मुलगी दाखवायची तर फाटक्या लुगड्यांत दाखवतात का? मार्केटांतलीं देखणीं आणून घातलीं. नांव आपल्या घराचं ना."

"आणि आपली?"

"तींच जेवलास कीं. आस्की सारांत घातलीं, एक उरलं नाहीं."

गुरुराज पानावरून उठून आत गेला. पातेल्याच्या तळाशी डावभर सार होतं, त्यात दहाबारा बिया. त्यानं एक नखावर घेऊन दाबली. उकळून मऊ झालेली ती बी पिठासारखी विरघळली. सकाळी एक वाक्य बोललो असतो तर, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला रडूच आलं. आता कुणावर संशय घ्यायचा?

"आवडलं ना सार?" बाहेरून आत्या विचारत होती. "पुढल्या वेळीं मज आदल्या दिवशीं सांग. आणखी देखणीं निवडून आणीन."